ऊस वाहतूक, आपला रस्ता आणि आपले आरोग्य



गळीत हंगाम जवळ आला की आपल्या बोलण्यात चारच गोष्टी असतात. तोड कधी येणार, टोळी मिळणार का, उतारा किती पडणार आणि दर काय निघणार. या चारही गोष्टी महत्त्वाच्याच आहेत. पण फडातून निघालेला ऊस गव्हाणीत पडेपर्यंत मध्ये जो रस्ता आहे, त्याविषयी आपण फारसे बोलत नाही. खेप पोचली, काटा झाला, पावती हातात पडली की आपले काम संपले असे आपण धरून चालतो.

पिण्याचे पाणी, गटार, संडास, लसटोचणी या गोष्टी सार्वजनिक आरोग्याच्या आहेत हे आता कुणाला पटवावे लागत नाही. रस्ता मात्र या यादीत कुणी धरत नाही. रस्ता म्हणजे बांधकाम खात्याचे काम, अपघात म्हणजे नशिबाचा भाग आणि आजार म्हणजे डॉक्टरचा प्रांत, अशी आपण वाटणी करून ठेवली आहे. ही वाटणी चुकीची आहे. गावातली माणसे आणि माल रोज कसा ये-जा करतो यावर त्या गावाचे आरोग्य पुष्कळ अंशी ठरते, आणि हंगामाचे पाच-सहा महिने आपल्या रस्त्यावरचा सर्वांत मोठा माल म्हणजे आपलाच ऊस असतो.

साधा हिशेब करू. दिवसाला ५,००० टन गाळणाऱ्या कारखान्याला, सरासरी खेप १५ टनांची धरली तरी, रोज ३३० च्या वर खेपा लागतात. भरून येणे आणि रिकामे परत जाणे धरले तर साडेसहाशेच्या वर फेऱ्या झाल्या. यातल्या निम्म्याअधिक फेऱ्या अंधारात होतात असे धरून चला. त्याच रस्त्यावरून शाळेची पोरे सायकलवर जातात, दूधवाला पहाटे निघतो, बाया कामाला चालत जातात आणि म्हातारी माणसे पाय मोकळे करायला बाहेर पडतात.

आकडे काय सांगतात

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे २०२१ या एका वर्षात जगात सुमारे ११ लाख ९० हजार माणसे रस्त्यावर मेली. ५ ते २९ या वयोगटात मरणाचे पहिले कारण कोणताही रोग नसून रस्ता हे आहे. आपल्या देशात २०२२ साली ४,६१,३१२ अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे दगावली. म्हणजे दिवसाला सरासरी ४६२. मेलेल्यांपैकी दर शंभरातले सुमारे ४४ जण दुचाकीवरचे होते आणि १९ जण पायी चालणारे. यातले बरेचसे मृत्यू शहरात नव्हे, तर ग्रामीण भागातल्या रस्त्यांवर झाले.

पटकीने किंवा हिवतापाने एवढी माणसे गेली असती तर गावोगाव दवंडी पिटली गेली असती. इथे मात्र आपण “वेळ आली होती” असे म्हणून तेराव्याला जाऊन येतो.

उभी ट्रॉली का दिसत नाही?

ऊस वाहतुकीतला फार वाईट अपघात म्हणजे रात्री मोटारसायकल मागून ट्रॉलीवर आदळणे. लोक म्हणतात, “एवढी मोठी ट्रॉली, दिसली कशी नाही?” याचे उत्तर हिशेबात आहे.

ताशी ६० कि.मी. वेगाने जाणारी मोटारसायकल एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. समोर काही आहे हे डोळ्याला दिसणे, मेंदूला कळणे आणि हात-पाय ब्रेकवर जाणे याला सावध माणसालाही साधारण दीड सेकंद लागतो. तेवढ्यात २५ मीटर अंतर गेले. ब्रेक चांगला लागला आणि रस्ता कोरडा असला तरी गाडी थांबायला आणखी २० मीटर लागतात. म्हणजे एकूण ४५ मीटर, सुमारे दीडशे फूट. मोटारसायकलच्या मंद झोतात मळकट, विनादिव्याची वस्तू साधारण ३० ते ४० मीटरवरच ओळखू येते. म्हणजे ट्रॉली दिसली तेव्हाच उशीर झालेला असतो. त्यात समोरून येणाऱ्या गाडीचा झोत डोळ्यांवर पडला तर दोन-चार सेकंद माणूस आंधळाच असतो. मग दारू प्यायलेला नसला, गाडी नीट चालवत असला, तरी तो वाचत नाही.

उसाने भरलेल्या ट्रॉलीचा रंगही बघा. वाळलेले पाचट आणि धूळ. रात्रीच्या रस्त्याचाही तोच रंग. शिवाय मागच्या दिव्यांवर वाढे लोंबत असतात. दिवा असला तरी तो उसात झाकलेला असतो.

रिफ्लेक्टर काम कसे करतो

रिफ्लेक्टर म्हणजे नुसता चमकणारा कागद नव्हे. साध्या आरशावर तिरपा प्रकाश पडला तर तो दुसरीकडे फेकला जातो. रिफ्लेक्टरच्या पट्टीत बारीक काचेचे मणी किंवा लहान लहान कोन असतात, आणि ते प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेने परत पाठवतात. म्हणून मागून येणाऱ्याच्या दिव्याचा उजेड परत त्याच्याच डोळ्यांकडे येतो. चांगली स्वच्छ पट्टी शंभर मीटरच्या पुढूनही दिसते. ज्याला ४५ मीटर हवे होते त्याला दुपटीहून जास्त अंतर मिळाले. जीव वाचतो तो इथे.

पण यात तीन गोष्टी मुद्दाम लक्षात ठेवाव्यात. पहिली, पट्टीवर चिखल वा धूळ बसली की ती निकामी होते. फडातून गाडी बाहेर निघाली की ओल्या फडक्याने पुसली पाहिजे. दुसरी, पट्टी उसाखाली झाकली जाता कामा नये. मागे लोंबणारा ऊस छाटून पट्टी आणि दिवा उघडे ठेवावेत. तिसरी, पट्टी फक्त मागे लावून भागत नाही. जोडट्रॉली रस्ता ओलांडताना किंवा वळताना आडवी असते. त्या वेळी ट्रॅक्टर रस्त्याच्या पलीकडे आणि दुसरी ट्रॉली अलीकडे असते, मधल्या अंधारात दुचाकीवाला सरळ घुसतो. म्हणून दोन्ही बाजूंनाही पट्ट्या हव्यात.

बैलगाडीला तर दिवाच नसतो. तिच्या मागच्या फळीला लाल आणि बाजूला पिवळी पट्टी लावावी. टायरगाड्यांची रांग पहाटे निघते तेव्हा निदान शेवटच्या गाडीला तरी कंदील किंवा बॅटरीचा लाल दिवा टांगलेला असावा.

गाडी पंक्चर झाली किंवा आस तुटली तर आपल्याकडे मागे झाडाची फांदी टाकतात आणि चाकाला दगड लावतात. फांदी दिवसा दिसते, रात्री नाही. शिवाय गाडी दुरुस्त होऊन निघून जाते, दगड मात्र रस्त्यातच राहतात, आणि तासाभराने त्या दगडावरून कुणीतरी पडतो. प्रत्येक ट्रॅक्टरबरोबर लाकडी ओटे आणि रिफ्लेक्टरचा त्रिकोण ठेवावा. त्रिकोण गाडीपासून निदान ५० मीटर मागे ठेवावा. वर केलेला हिशेब आठवला की का, ते कळेल.

ब्रेक, हुक आणि उतार

ट्रॅक्टर हे मुळात शेतातले यंत्र आहे. त्याला डाव्या-उजव्या चाकांसाठी दोन वेगळे ब्रेक असतात, कारण शेताच्या कडेला जागच्या जागी वळायला ते उपयोगी पडतात. रस्त्यावर येताना मात्र हे दोन्ही पेडल खिट्टीने एकत्र जोडलेच पाहिजेत. नाहीतर घाईत एकाच बाजूचा ब्रेक दाबला जातो आणि ट्रॅक्टर भेलकांडून उलटतो. ही खिट्टी प्रत्येक ट्रॅक्टरला येते. ती लावायची राहून जाते, एवढेच.

दुसरी गोष्ट उताराची. डिझेल वाचावे म्हणून कितीतरी ड्रायव्हर उतारावर गाडी न्यूट्रल करतात. गिअरमध्ये असताना इंजिनच गाडीला मागे धरून ठेवते. न्यूट्रलला तो आधार जातो. मागच्या दोन ट्रॉल्यांना बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात, त्यांचे सगळे वजन ट्रॅक्टरला पुढे ढकलते आणि ट्रॉली आडवी येते. वाचलेले डिझेल पेलाभर, आणि गमावले काय ते दुसऱ्या दिवशी कळते.

ज्यादा वजनाचेही तसेच. चढावर ट्रॅक्टरची पुढची चाके उचलली जातात आणि हातात सुकाणू असून नसल्यासारखे होते. हुकाची पिन झिजलेली असली, तिला लॉक नसला, तर मागची ट्रॉली वाटेतच सुटते. उंच भरलेल्या ट्रॉलीतून ऊस गळतो. डांबरावर पडलेले कांडे चाकाखाली चिरडले, की त्या जागी दुचाकी घसरते.

आणखी एक. बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून येणारी तोडणी कामगार कुटुंबे, त्यांत बायका-पोरेही, पुष्कळदा भरलेल्या मोळ्यांवर बसून प्रवास करतात. गाडी कलंडली तर तीच माणसे आधी खाली जातात. उसावर माणूस बसवायचा नाही, हा नियम कुठलाही कारखाना कडकपणे पाळू शकतो.

झोप हीही रस्त्याचीच गोष्ट

वाहतुकीचे पैसे टनावर आणि अंतरावर मिळतात. म्हणून जितक्या खेपा तितकी कमाई. त्यातच यार्डात नंबरासाठी आठ-आठ तास ताटकळले की ड्रायव्हर ती वेळ रस्त्यावर भरून काढतो.

१९९७ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी एक मोजणी प्रसिद्ध केली. सलग १७ तास जागा असलेल्या माणसाची कामातली चपळाई तपासली, तेव्हा ती १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतकी उतरलेली आढळली. आपल्या मोटार वाहन कायद्यात गाडी चालवणाऱ्यासाठी ही मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. म्हणजे दारूचा थेंबही न घेतलेला, पण सतरा तास जागा असलेला ड्रायव्हर, हात-डोळ्यांच्या कामात कायद्याच्या मर्यादेपलीकडे प्यायलेल्या माणसासारखाच असतो. पहाटे दोन ते पाच या वेळेत शरीर स्वतःहून झोप मागते. चहा-तंबाखूने डोळे उघडे राहतात, पण मेंदू जागा राहत नाही. झोप उडावी म्हणून मोठ्याने टेप लावला तर मागच्याचा हॉर्नही ऐकू येत नाही.

यावर उपाय उपदेशाचा नाही, व्यवस्थेचा आहे. तोडीचा कार्यक्रम आणि यार्डातली रांग यांचा मेळ नीट घातला तर ड्रायव्हरची झोप वाचते, आणि तोडलेला ऊस वाळून वजन व उतारा घटणेही वाचते. माणसाचा आणि उसाचा फायदा इथे एकच आहे.

धूर आणि धूळ

डिझेलच्या धुरामुळे फुप्फुसाचा कर्करोग होतो असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली जाहीर केला. या धुरातले कण केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाहून बारीक असतात. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत. ते फुप्फुसाच्या तळाशी जातात, त्यांतले काही रक्तात उतरतात आणि हृदयालाही त्रास देतात. यार्डाच्या रांगेत इंजिन चालू ठेवून उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरच्या मागे दुसऱ्याचा ड्रायव्हर गोधडी टाकून झोपलेला असतो. तो रात्रभर हाच धूर ओढतो. रांगेत इंजिन बंद करावे. यात पैसा जात नाही, उलट डिझेल वाचते.

इंधन बदलले की आरोग्य बदलते याचा दाखलाही आहे. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसे घालत, आणि ते लहान मुलांच्या मेंदूला अपाय करी. आपल्या देशात २००० साली शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले, आणि २०२१ पर्यंत जगात सगळीकडे मोटारींसाठी त्याची विक्री थांबली. त्यासाठी कुणाही पोराला औषध द्यावे लागले नाही.

चालणे बंद झाले त्याचे काय?

आतापर्यंत वाहन अंगावर येते त्याची गोष्ट झाली. वाहन अंगवळणी पडते त्याचीही एक गोष्ट आहे. पूर्वी वस्तीवरून गावात आणि गावातून मळ्यात माणूस पायी जाई. आज मोटारसायकल बांधापर्यंत जाते. पाणी धरायचे तर मोटार मोबाईलवर चालू होते. शेतकरी म्हणजे कष्टाचा माणूस, त्याला कसली साखर, हा समज आता टिकत नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असल्याचे दिसले. ग्रामीण भागातले प्रमाण शंभरात जवळजवळ नऊ आहे.

चालण्या-चढण्याचा आणि हृदयाचा संबंध पहिल्यांदा ठळकपणे दिसला तो वाहतूक कामगारांमध्येच. लंडनचे डॉ. जेरी मॉरिस यांनी तिथल्या दुमजली बसवरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना १९५३ साली प्रसिद्ध केली. गाडी तीच, रस्ता तोच, पगार-पाणीही साधारण सारखेच. ड्रायव्हर दिवसभर बसून, तर कंडक्टर तिकिटे फाडत दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणारा. कंडक्टरना हृदयविकार ड्रायव्हरपेक्षा कमी आढळला, आणि झटका आला तरी त्यातच दगावण्याचे प्रमाणही पुष्कळ कमी. पुढे त्यांनी दोघांच्या गणवेशांची मापे तपासली, तेव्हा ड्रायव्हरच्या कमरेचा घेर मुळातच मोठा निघाला. म्हणजे सगळा फरक पायऱ्यांचाच होता असे नाही. पण चालत टपाल वाटणारे पोस्टमन आणि खुर्चीवरचे कारकून यांच्यातही तोच फरक दिसला होता, आणि नंतरच्या कितीतरी अभ्यासांनी तेच दाखवले. मॉरिस स्वतः ९९ वर्षे जगले.

मोठ्या माणसाने आठवड्यातून निदान १५० मिनिटे, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास, झपाट्याने चालावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण चालायचे कुठे? ज्या रस्त्याची साइडपट्टी खचलेली आहे आणि जिथून मिनिटा-मिनिटाला ट्रॉली जाते, तिथे साठीच्या माणसाला डॉक्टरने “चालत जा” म्हणून सांगणे ही थट्टाच आहे. वडील मंडळी हंगामात घरात बसतात, आई पोराला सायकलवर पाठवत नाही. म्हणून असुरक्षित रस्ता अपघात न होताही माणसाला आजारी पाडतो.

अपघात झालाच तर

महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ या क्रमांकावर मोफत रुग्णवाहिका मिळते. नंबर सांगताना गाव, फाटा, जवळची खूण नीट सांगावी. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. मान आणि पाठ वाकवून, हाता-पायाला धरून उचलू नये.

“पोलिसांचं लचांड मागे लागेल” म्हणून पुष्कळ लोक हात लावत नाहीत. ही भीती आता सोडून द्यावी. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली आणि कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. त्याच्यावर आपले नाव सांगण्याचीही सक्ती नाही. २०२५ च्या केंद्रीय योजनेप्रमाणे जखमीला ठरलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार पैसे न भरता मिळू शकतात. ही माहिती गावातल्या तरुण मंडळाला सांगून ठेवावी.

सभासदाचे काम काय?

काही जण म्हणतील, “गाडी वाहनधारकाची, करार कारखान्याचा, रस्ता सरकारचा. यात आम्ही कुठे आलो?” तर ऊस आपला आहे, आणि तोडणी-वाहतुकीचा खर्चही आपल्याच दरातून वजा होतो. ज्याच्या पैशावर गाडी चालते त्याला ती कशी चालावी हे विचारण्याचा हक्क आहे, आणि तो हक्क वापरणे हे कर्तव्यही आहे.

१) आपल्या फडातून गाडी निघताना दोन मिनिटे तिच्या मागे उभे राहून पाहावे. पट्टी पुसलेली आहे का, दिवा उघडा आहे का, ऊस लोंबतो आहे का.

२) हुकाची पिन, तिचा लॉक आणि ब्रेकच्या पेडलांची खिट्टी ड्रायव्हरला दाखवायला सांगावी.

३) “आणखी थोडा भर, एका खेपेत उरकू” असा आग्रह आपण स्वतः धरू नये.

४) ड्रायव्हर रात्रभर जागा असेल तर त्याला दोन तास झोपू द्यावे. दोन तासांत उसाचे काही बिघडत नाही.

५) आपल्या घरची मोटारसायकल हेल्मेटशिवाय बाहेर पडू देऊ नये. हेल्मेटमुळे अपघातात मरण्याचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका ६९ टक्क्यांनी कमी होतो, असे जगभरच्या अभ्यासांवरून दिसले आहे.

६) वार्षिक सर्वसाधारण सभेत उतारा आणि दर यांच्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा : गेल्या हंगामात ऊस वाहतुकीत किती अपघात झाले, किती माणसे गेली आणि त्यावर काय केले? ज्या गोष्टीचा हिशेब मागितला जातो, तीच नोंदवहीत येते.

७) ग्रामपंचायतीने साइडपट्टी भरून घ्यावी आणि रस्त्यावर पडलेला ऊस रोज सकाळी उचलला जाईल अशी सोय कारखान्याबरोबर बसून करावी.

यातले एकही काम मोठ्या खर्चाचे नाही. भरलेल्या एका खेपेच्या किमतीपुढे पट्टीचा खर्च काहीच नाही. हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक सभासदाने आपल्या वाहनधारकाशी या गोष्टी बोलून घ्याव्यात आणि गट ऑफिसात जाऊन तपासणी कोणत्या दिवशी आहे ते विचारून यावे.